नेमबाजी : मन स्थिर करणारी आधुनिक युद्धकला

आमची थोरली मुलगी धाराशिवला कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिने एन.सी.सी. घेतली आहे. दहा दिवसांचा कॅम्प करून ती घरी आली आणि चपला काढायच्या आधीच पिशवीतून एक कागद काढून दाखवू लागली. कागदावर मधोमध काळा गोल होता. त्या गोलाच्या खाली, डाव्या अंगाला पाच बारीक भोके होती. रुपयाचे नाणे ठेवले तर पाचही झाकतील इतकी ती जवळजवळ होती.

"आई, पाची गोळ्या एका जागी बसल्या. हवालदार सरांनी सगळ्यांना माझा कागद दाखवला!"

सासूबाई दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. गोळ्या हा शब्द ऐकून त्यांचा हात थांबला. "अगं माय, सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणतीस, अन् बंदूक उडवून आलीस व्हय?"

पोरगी क्षणभर गप्प झाली. मग तिने भिंतीकडे बोट दाखवले. आमच्या भिंतीवर भगवान बुद्ध, बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या तसबिरींच्या खाली माझ्या सासऱ्यांचा फोटो आहे. अंगात खाकी वर्दी, टोपीवर महार रेजिमेंटचे चिन्ह. "मग आजोबा काय करत होते, आजी?"

"त्यांची नोकरी होती ती. तुला काय गरज पडली?"

सासूबाईंचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. त्यांच्या आईने रझाकारांच्या काळातल्या गोष्टी त्यांना सांगितल्या होत्या. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गला आली, त्याआधीचे ते दिवस. बेलगाम हातात बंदूक आली म्हणजे काय होते, हे आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना पुस्तकात वाचावे लागत नाही. आणि आताचेही एक कारण होते. आमच्या वस्तीतल्या एका पोराने कमरेला गावठी कट्टा लावून फोटो काढला आणि मोबाईलवर सगळीकडे पाठवला. पोलीस आले, पोरगा आत गेला. त्याची आई कोर्टाच्या तारखांना मजुरी बुडवून जाते. तेव्हा बंदूक म्हटले की आमच्या घरात आधी तिचा चेहरा आठवतो.

म्हणूनच हा विषय आपल्या कुटुंबांत मोकळेपणाने बोलला जावा असे वाटते. बौद्ध घरातल्या मुलामुलींनी नेमबाजी शिकावी काय? शिकावी तर कशासाठी?

शस्त्र कोणी धरावे, हे कोण ठरवत होते?

एकलव्याचा अंगठा आपल्या समाजाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. विद्या येत नव्हती म्हणून तो अंगठा गेला नाही. विद्या फार चांगली येत होती, म्हणून गेला. ती कथा आहे; पण इतिहासातही तेच घडले. 1 जानेवारी 1818 रोजी भीमा कोरेगावला लढलेल्या शूर महार सैनिकांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. असे असूनही 1892 च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. कारण काय? तर काही जाती जन्माने लढाऊ आणि बाकीच्या जन्माने बिनलढाऊ, असे शास्त्र साहेबाने काढले आणि इथल्या उच्चवर्णीयांना ते आयतेच सोयीचे पडले. बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीत झाला, वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक. त्याच घराण्याच्या जातीला पुढे लष्कराचे दार बंद झाले. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्जविनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच 1921 मध्ये ती मोडून टाकली.

पुढचा धागा आपल्या जिल्ह्यातून जातो. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी बाबासाहेब कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. वतनाच्या नावाखाली गावाची वेठबिगारी करणाऱ्या माणसांची ती परिषद. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक मंडळावर त्यांची नेमणूक झाली, आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. एकाच वर्षात बाबासाहेब एका हाताने गावकीची काठी आपल्या हातून सोडवीत होते आणि दुसऱ्या हाताने देशाच्या संरक्षणाची रायफल मिळवून देत होते.

ही रेजिमेंट 1946 मध्ये मशिनगन रेजिमेंट झाली. म्हणूनच तिच्या चिन्हावर दोन विकर्स मशिनगन एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दिसतात. 1963 नंतर ती पायदळाची रेजिमेंट झाली. तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन या रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ज्यांना बिनलढाऊ ठरवले, त्यांच्या नावाच्या रेजिमेंटने देशाला दोन लष्करप्रमुखही दिले. जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी हे दोघेही याच रेजिमेंटचे.

नेमबाजीत नेमके काय शिकतात?

आपल्या वस्त्यांतली मुले कराटे शिकतात. कराटेला युद्धकला म्हणताना आपल्याला शंका येत नाही. जपानी भाषेत या कलांच्या नावापुढे ‘दो’ लावतात. जूदो, कराटे-दो, आणि धनुष्यासाठी क्यूदो. ‘दो’ म्हणजे मार्ग. क्यूदोच्या सरावावर जपानमधल्या झेन बौद्ध परंपरेचा मोठा ठसा आहे. बाण कुठे लागला यापेक्षा सोडणारा कसा उभा होता हे तिथे आधी पाहतात. रायफल आणि पिस्तूल ही आजच्या काळातली धनुष्ये आहेत. खेळ म्हणून, शिस्तीने, गुरूच्या देखरेखीखाली त्यांचा सराव केला तर ती आधुनिक युद्धकलाच होते.

एअर रायफलचे उदाहरण घेऊ. निशाण दहा मीटरवर असते. त्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पेनाच्या टोकाने उमटवावा एवढा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. उभ्याने असे साठ नेम साधायचे. पिस्तूल तर एकाच हाताने, दुसरा हात खिशात किंवा कमरेवर ठेवून धरायचे. इथे दांडगाई कामाची नाही. खांद्याच्या ताकदीवर रायफल पेलली तर दहाव्या नेमाला हात थरथरतो. म्हणून डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात आणि सगळा भार हाडांवरून सरळ पायात उतरवतात.

मग नजर. मागची खाच, पुढची माशी आणि निशाण या तीन गोष्टी डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. नवशिका निशाणाकडे टक लावतो आणि चुकतो. जाणता माशीवर नजर ठेवतो, निशाण थोडे अंधूक दिसले तरी चालवून घेतो. जे आपल्या हातात आहे ते आधी सरळ करायचे.

त्यानंतर श्वास. श्वास घेताना छाती वर येते आणि नळी हलते. म्हणून श्वास सोडल्यानंतर पुढचा घेण्याआधी जो नैसर्गिक विसावा असतो, त्या काही सेकंदांत चाप दाबायचा. तोही झटक्याने ओढायचा नाही, हळूहळू दाब वाढवायचा. तेवढ्यात मन चळले, घाई झाली, तर रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. न मारता खाली घेतलेला नेमही सरावच असतो. छर्रा सुटल्यावरसुद्धा एक-दोन सेकंद तसेच स्थिर राहायचे.

लष्करात आणि एन.सी.सी.त नेम धरण्याला हिंदीत ‘शिस्त लेना’ म्हणतात. आपण मराठीत शिस्त म्हणतो तोच शब्द. हे मुलीने सांगितले तेव्हा मला तिच्या कागदावरची पाच भोके कळली. मी तिला विचारले होते, "अगं, पण काळ्या गोलात तर एकही नाही!" ती म्हणाली, "आई, आधी गोळ्या एका जागी पडायला पाहिजेत. त्याला ग्रुपिंग म्हणतात. एका जागी पडल्या म्हणजे माणूस स्थिर आहे. मग बंदुकीची साइट जराशी सरकवली की सगळ्या गोलात येतात. पण पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या तर साइट कितीही फिरवा, उपयोग नाही." पोरीचा अभ्यास, घरातला पैसा, आपल्या संघटना, सगळीकडे हे लागू पडते, असे मला वाटून गेले.

पंचशीलाचे काय?

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. प्राण्याची हत्या करणार नाही, हे आपले पहिले शील. कागदाच्या निशाणावर छर्रा मारल्याने कोणाचा जीव जात नाही, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. शील हे हाताइतकेच मनाचेही असते.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा विचार खोलात जाऊन केला आहे. तत्त्व आणि नियम यांत त्यांनी फरक केला. नियम माणसाला बांधतो, तत्त्व विचार करायला लावते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांनी दाखवून दिले. मारण्याच्या इच्छेला बुद्धधम्मात जागा नाही. वैशालीचा सेनापती सिंह हा भगवंतांचा उपासक झाला, हे त्रिपिटकात आले आहे. तथागतांनी सैनिकाला दारातून हाकलून लावले नाही. त्याचबरोबर उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापारही आहे. तेव्हा धम्म शस्त्राचे कौतुक करतो असे कोणी म्हणू नये. शस्त्र धरणाऱ्याचे चित्त कसे आहे, हे धम्म विचारतो.

आणि चित्तासाठी भगवंतांनी दिलेला दृष्टांतच धनुर्विद्येचा आहे. धम्मपदातल्या चित्तवग्गाची पहिली गाथा काढून वाचा. चंचल, आवरायला कठीण अशा चित्ताला शहाणा माणूस बाण करणाऱ्या कारागिराप्रमाणे सरळ करतो, असा तिचा आशय आहे. आनापानसतीत आपण येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देतो. नेमबाज तेच करतो. दोन्हींचे ध्येय एक नव्हे, हे खरे. पण रागावलेल्या, घाबरलेल्या किंवा दारू प्यालेल्या माणसाला नेम साधत नाही. ज्याला नेम साधायचा त्याला आधी पाचवे शील पाळावेच लागते.

या वाटेने कोण पुढे गेले?

आपल्या महाराष्ट्राने या खेळात मोठी माणसे दिली आहेत आणि त्यांत मुली पुढे आहेत. मुंबईच्या अंजली भागवत यांना कॉलेजात असताना एन.सी.सी.मुळे रायफलची गोडी लागली. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन रायफलमध्ये विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतले.

आणि 1 ऑगस्ट 2024 चा दिवस. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, शिक्षकाचा मुलगा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागलेला. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो तयार झाला. पॅरिस ऑलिम्पिकच्या 50 मीटर थ्री पोझिशन रायफलच्या अंतिम फेरीत तो सातव्या क्रमांकाने आला होता. गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून मारायचे नेम झाले तरी तो पहिल्या तिघांत नव्हता. मग उभ्याने मारायच्या सर्वात अवघड टप्प्यात इतर डगमगले, तो वर सरकला आणि 451.4 गुणांवर कांस्यपदक घेऊन उतरला. 1952 मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचे पदक मिळवले, त्यानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

आपल्या जिल्ह्याने खो-खोत नाव कमावले आहे. सारिका काळे यांना 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला मैदान आणि दोन खांब पुरतात, म्हणून गरिबाची पोर तिथे चमकू शकते. नेमबाजीचे तसे नाही, हे लपवून चालणार नाही. स्पर्धेची परदेशी रायफल लाखाच्या पुढे जाते. खास जाकीट, बूट, छर्रे यांचा खर्च वेगळा. ऊसतोडीला जाणारे किंवा पुण्या-मुंबईला बिगारीकाम करणारे आईबाप हे पैसे कुठून आणणार? म्हणून आपल्या मुलांची वाट संस्थांमधून जाते, आणि ती वाट माहीत असणे हीच पहिली गरज आहे.

आईवडिलांनी काय करावे?

पहिली पायरी एन.सी.सी. शाळेत आठवी-नववीपासून आणि नंतर कॉलेजात ती घेता येते. पॉइंट टू टू रायफलचा सराव तिथे फुकट आणि जाणत्याच्या नजरेखाली होतो. तिचे ‘सी’ प्रमाणपत्र सैन्यभरतीत उपयोगी पडते. दुसरी पायरी राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी. तिथल्या निवडीची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. पुढे खेळात प्रावीण्य मिळवले तर राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात.

कायदाही समजून घ्यावा. 4.5 मिलिमीटर व्यासाच्या, 20 ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. खऱ्या बंदुकीला परवाना लागतो आणि त्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. गावठी कट्टा नुसता जवळ बाळगला तरी तुरुंग आहे. लग्नात, मिरवणुकीत हौस म्हणून गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एअर रायफल म्हणजेही खेळणे नव्हे. तिने डोळा जातो. चार गोष्टी मुलांकडून पाठ करून घ्या. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. नळी कधीही माणसाकडे किंवा जनावराकडे करू नये. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. निशाणाच्या मागे काय आहे ते आधी पाहावे. शिवाय छर्रे शिशाचे असतात. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

आणि बंदूक नसतानाही सुरुवात करता येते. भिंतीवर चुन्याचा एक ठिपका काढावा. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली सरळ हाताने त्याच्या रेषेत धरावी. श्वास सोडावा, थांबावा, पाच मोजावेत, हात खाली घ्यावा. असे रोज पंधरा मिनिटे करावे. हात किती हलतो हे बाटलीतले पाणीच सांगते.

आपल्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. दहा मीटरची रेंज करायला मोठे मैदान लागत नाही. शाळेचे लांब सभागृह, मागे पक्की भिंत, दोन-तीन रायफली आणि एक शिकलेला मार्गदर्शक एवढे पुरते. जयंतीच्या वर्गणीतून डी.जे.वर जाणारा पैसा थोडा बाजूला ठेवला आणि क्रीडा खात्याकडे तालुक्यातालुक्यांतून लेखी मागणी केली, तर परंडा, भूम, उमरग्याच्या मुलांनाही ही विद्या मिळेल. कट्ट्याबरोबर फोटो काढणाऱ्या पोराला नुसते रागावून भागत नाही. त्याच्या हाताला दुसरे काम आणि मनाला दुसरे ध्येय द्यावे लागते. आमच्या वस्तीतल्या त्या पोराला आम्ही वेळेवर ते देऊ शकलो नाही, ही टोचणी माझ्या मनात आहे.

आमच्या घरी आता रोज पहाटे मुलगी बाटली धरून भिंतीसमोर उभी राहते. सासूबाई काही दिवस नुसत्या बघत होत्या. परवा त्या तिच्या मागे येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझा आजा असाच गप उभा ऱ्हायचा. एवढी बंदूक चालवली, पण घरात कधी आवाज चढवला न्हाई त्यानं, की माझ्यावर हात उचलला न्हाई." मग त्यांनी स्वतःच मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन...

मुलीचा तो पाच भोकांचा कागद आता सासऱ्यांच्या फोटोच्या चौकटीत खोचलेला आहे. तो सासूबाईंनीच खोचला.

जयभीम!